पीजेच्या वाटेवर सायकल: व्यायामाचा कंटाळा असणाऱ्यांसाठी रेल-ट्रेलचं गणित

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी उतारा. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" यातले निम्मे काढलेत. उरलेले चालवून घ्या.)

००:०० – सुरुवातीलाच एक कबुली

 

आजचा भाग सायकलवाल्यांसाठी नाही. म्हणजे जे पहाटे पाचला उठून, घट्ट कपडे घालून, ऐंशी किलोमीटर मारून येतात आणि ऑफिसला जायच्या आधी त्याचा स्क्रीनशॉट स्टेटसला टाकतात, त्यांच्याबद्दल आदर आहे, पण आज त्यांना सुट्टी. आजचा भाग माझ्यासारख्यांसाठी आहे. ज्यांनी जिमचे वर्षाचे पैसे एकदम भरलेत आणि अकरा दिवस गेलेत. ज्यांच्या घड्याळाने "उठा, जरा चाला" असं सांगितलं की ते घड्याळ काढून ठेवतात.

मी सॉफ्टवेअरवाला. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत. २०२१ साली कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीए१सी ५.९ आलं. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगतो. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ किंवा वर असेल तर मधुमेह, आणि मधला पट्टा म्हणजे "काठावर". माझ्या वडिलांना मधुमेह आहे, त्यामुळे हा काठ कुठे जातो ते मी घरातच बघतोय. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, हालचाल वाढवा. मी म्हणालो, "सर, मला व्यायाम आवडत नाही." ते म्हणाले, "मग व्यायाम करू नका. कुठेतरी जा."

हे वाक्य डोक्यात राहिलं. आणि त्यातून मी पोचलो रेल-ट्रेल नावाच्या प्रकारापर्यंत, आणि तिथून थेट आपल्या पाचोरा-जामनेरच्या पीजेपर्यंत. आज हे सगळं उलगडून सांगतो: रेल-ट्रेल म्हणजे काय, आळशी माणसासाठी तो इतका सोयीचा का, आणि आपल्या खान्देशात त्याचं काय करता येईल.

०३:१० – रेल-ट्रेल म्हणजे काय?

सोपं आहे. एखादी रेल्वे लाइन बंद पडते. रूळ उचलले जातात. मागे उरतो तो एक लांबलचक, अरुंद, सपाट पट्टा. भराव, कटिंग, पूल, बोगदे सगळं जागेवर, फक्त गाडी नाही. त्यावर बारीक खडी नाहीतर डांबर टाकून चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी वाट केली की झाला रेल-ट्रेल.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा अशी एक लाइन होती. ती बंद पडल्यावर १९६५ मध्ये राज्य सरकारने तिची जागा विकत घेतली आणि तिथे सायकलींसाठी वाट केली. साधारण ५२ किलोमीटर, मध्ये तीन बोगदे. या प्रकारची सुरुवात तिथून झाली असं मानतात. ब्रिटनमध्ये १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो किलोमीटर लाइन बंद झाल्या, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आज लोक सायकल चालवतात. स्पेनने १९९३ पासून हेच काम "हिरवे मार्ग" अशा नावाने देशभर सुरू केलं.

पण माझा लाडका ट्रेल न्यूझीलंडमधला. ओटागो सेंट्रल रेल ट्रेल. मिडलमार्च ते क्लाइड, १५२ किलोमीटर. ही लाइन १९९० मध्ये बंद झाली आणि २००० मध्ये ट्रेल म्हणून उघडली. ओसाड टेकड्या, दगडी पूल, नदीची घळ, अंधारे बोगदे. सर्वात उंच जागा समुद्रसपाटीपासून ६१८ मीटरवर, पण तिथपर्यंत चढ इतका हळूहळू येतो की बऱ्याच जणांना आपण चढलोय हे पाटी वाचल्यावर कळतं. लोक तीन ते पाच दिवस घेतात, रोज तीस-चाळीस किलोमीटर. त्यात आजी-आजोबा असतात, लहान पोरं असतात. आणि गाडी गेल्यावर ज्या गावांत फार काही उरलं नव्हतं, तिथे मुक्कामाच्या खोल्या आणि कॅफे सुरू झाले.

मी त्याचे व्हिडिओ बघत होतो आणि एकच गोष्ट खटकत होती. यातलं कोणीच धापा टाकत नव्हतं! म्हटलं, हे काय गौडबंगाल आहे? गौडबंगाल चढाच्या गणितात आहे.

०६:४५ – रेल्वेने तुमच्यासाठी आधीच केलेलं काम

थोडं फिजिक्स. घाबरू नका, बारावीच्या खालचं आहे.

रेल्वेचं चाक लोखंडी, रूळ लोखंडी. घर्षण फारच कमी, म्हणून सपाटीवर एक टन वजन हळू ओढायला साधारण ३ ते ५ किलोचा जोर पुरतो. मोठा फायदा आहे हा. पण चढ आला की हाच फायदा अंगावर येतो. १०० मीटर पुढे जाताना १ मीटर वर, म्हणजे १ ला १०० एवढा चढ असेल, तर प्रत्येक टनामागे सरळ १० किलोची भर पडते. जोर तिपटीवर जातो. आपल्या डोळ्याला जो रस्ता "सपाटच आहे की" असा दिसतो, तिथे इंजिनाला घाम फुटतो.

तुम्ही मुंबईहून जळगावला येताना कसाऱ्याला गाडी थांबते, मागून जादा इंजिनं लागतात, बघितलंय ना? तो थळ घाट. तिथला चढ १ ला ३७. टक्केवारीत २.७. सायकलवाला याला मध्यम चढ म्हणेल. रेल्वेसाठी तो इतका अवघड की मागून ढकलायला मदत लागते.

म्हणून रेल्वे बांधणारे इंजिनिअर पूर्ण ताकद एकाच गोष्टीवर लावायचे: चढ टाळा. टेकडी आली तर वळसा घाला. वळसा जमत नसेल तर कापा. खोलगट भाग आला तर माती टाकून भराव करा. नाला आला तर मोरी बांधा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हजारो मजुरांनी घमेल्याने माती वाहून जो पट्टा सपाट केला, त्यावर आज तुम्ही सायकल चालवता. तुमच्या वाटचा चढ त्यांनी आधीच काढून टाकलाय.

आता सायकलचं गणित. माझं वजन तेव्हा ७२ किलो, सायकल आणि पिशवी मिळून १३. एकूण ८५. वेग धरा ताशी १२ किलोमीटर, म्हणजे अगदी रमतगमत.

सपाट रस्त्यावर टायरचं घर्षण आणि हवा मिळून मला साधारण ३५ वॅट ताकद लागते.

१ ला १०० चढावर त्यात २८ ची भर. झाले ६३ वॅट.

घाटातला १ ला २० चढ धरला तर भर १३९ ची. एकूण १७४ वॅट!

व्यायाम न करणारा धडधाकट माणूस तासभर आरामात ७० ते १०० वॅट देऊ शकतो. म्हणजे रेल्वेच्या चढावर मी माझ्या मर्यादेच्या आत आहे आणि घाटात मी जवळपास दुप्पट उधारीवर चाललोय. म्हणूनच मित्राच्या नादी लागून पहिल्याच रविवारी कन्नड घाटात सायकल घालणारा माणूस दुसऱ्या रविवारी सायकल ओएलएक्सवर टाकतो. दोष त्याच्या जिद्दीचा नाही. त्याने सुरुवातीला चुकीचा रस्ता निवडला.

१०:५५ – कंटाळा का येतो?

इथे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. आपण पुन्हा काय करतो? जे करताना बरं वाटलं ते. ज्या कामात जीव घशाशी आला, ते शरीर लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी शंभर कारणं शोधून देतं. पाऊस आहे, मीटिंग आहे, गुडघा दुखतोय.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करायला सांगते. "मध्यम" या शब्दाकडे लक्ष द्या. मध्यम म्हणजे काय, ते मोजायला घड्याळ लागत नाही. सायकल चालवताना तुम्हाला शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाहीये, तर तुम्ही बरोबर ठिकाणी आहात. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. एवढंच. त्यात कमीपणा काही नाही.

रेल-ट्रेलवर माणूस आपोआप या पट्ट्यात राहतो, कारण रस्ताच तुम्हाला वर ढकलत नाही. शिवाय दर आठ-दहा किलोमीटरवर स्टेशन. पुढचं स्टेशन येईपर्यंत जायचं, बसायचं, चहा घ्यायचा, परत निघायचं. "चाळीस किलोमीटर" ऐकून पोटात गोळा येतो. "पुढचं स्टेशन" ऐकून येत नाही.

१३:२० – आता आपली पीजे

पाचोऱ्याच्या आणि जामनेरच्या ऐकणाऱ्यांना पीजे कोण ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी: पाचोरा ते जामनेर ही नॅरोगेज रेल्वे. लांबी ५६ किलोमीटर. १९१८-१९ च्या सुमारास कापसाच्या या पट्ट्यात सुरू झाली. स्टेशनं अशी: पाचोरा, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा, जामनेर. सात स्टेशनं, म्हणजे सहा टप्पे. सरासरी एक टप्पा नऊ किलोमीटरच्या थोडा वर. झाली की नाही आपली रेल-ट्रेलची आखणी?

दोन रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. आपल्या नेहमीच्या ब्रॉडगेजचं १६७६, म्हणजे दुपटीहून जास्त. सायकलचं हँडल साधारण ६००-६५० मिलिमीटर असतं. हँडलपेक्षा वीतभरही रुंद नसलेल्या त्या रुळांवर पूर्ण गाडी चालायची, त्यात माणसं, दुधाचे कॅन, भाजीची गाठोडी, शाळेची पोरं. पीजेच्या वेगावरचे विनोद तर प्रत्येक घरात आहेत. आमच्याकडे सांगायचे की माणूस पुढच्या डब्यातून उतरून, बोरं तोडून, मागच्या डब्यात चढायचा. कोणी बघितलंय कोणास ठाऊक, पण सांगताना प्रत्येक जण "मी स्वतः" म्हणतो.

माझं आजोळ शेंदुर्णीचं. लहानपणी मे महिन्यात पाचोऱ्याला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसायचं, ही सुट्टीची खरी सुरुवात होती.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या, तशी पीजेही थांबली. बाकीच्या हळूहळू सुरू झाल्या. पीजे झाली नाही. लोकांनी निवेदनं दिली, आंदोलनं केली. नंतर ही लाइन ब्रॉडगेज करून पुढे बोदवडपर्यंत न्यायचं ठरलं. तो विषय शेवटी घेतो, कारण आजचा खरा प्रश्न तोच आहे.

१६:४० – दोन दिवस, ५६ किलोमीटर

डिसेंबर २०२१. मी आणि माझा मामेभाऊ. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, शेती बघतो, त्याला व्यायामाची गरज नाही. तो आला फक्त माझी गंमत बघायला.

आधीच स्पष्ट करतो: आम्ही रुळांवरून किंवा रेल्वेच्या जागेतून सायकल चालवली नाही. गाडी बंद असली तरी जागा रेल्वेची आहे, आणि रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार तिथे विनापरवाना शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आम्ही गेलो गावांना जोडणाऱ्या रस्त्याने. रूळ कधी शेजारी येतात, कधी शेतात लांब जातात, परत कुठेतरी फाटकाशी भेटतात.

पहिला दिवस पाचोरा ते शेंदुर्णी. सकाळी साडेसहाला निघालो. खान्देशात डिसेंबरची सकाळ म्हणजे कान झाकूनच. पहिले पाच किलोमीटर मला वाटलं, आपण उगाच घाबरत होतो. वरखेडीच्या पुढे माझं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. मी मोठ्या रुबाबात ट्यूब बदलली, हवा भरली, निघालो. दहा मिनिटांत परत पंक्चर! मामेभाऊ रस्त्याच्या कडेला बसून हसत होता. मी ट्यूब बदलली होती, पण टायरमधला काटा काढलाच नव्हता. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर बग तसाच ठेवून सर्व्हर रिस्टार्ट केला.

धडा: टायरच्या आतून एक कापड हळूच फिरवा. कापड जिथे अडकेल तिथे काटा. बोट फिरवू नका, रक्त निघतं. मला कसं माहीत, ते विचारू नका.

तिथे बैलगाडी घेऊन चाललेले एक बाबा थांबले. म्हणाले, "काय भो, कुठं?" म्हटलं, "शेंदुर्णीला." "मंग मोटरसायकल बिघडली का?" म्हटलं, "नाही बाबा, सायकलच न्यायचीय." त्यांनी आमच्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मी आजही विसरलो नाही. पण त्यांच्याकडून एक गोष्ट कळली. ते म्हणाले, पीजे होती तोवर पाचोऱ्याच्या दवाखान्यात जाणं परवडायचं, आता काळीपिवळीला त्याच्या कितीतरी पट जातात, म्हणून माणूस दुखणं अंगावर काढतो. मी चाललो होतो माझी साखर कमी करायला आणि रस्त्यात हे भेटलं. पुढचे काही किलोमीटर आम्ही दोघं फार बोललो नाही.

पिंपळगावला पोहे आणि चहा. तिथून शेंदुर्णी. शेवटच्या टप्प्यात बूड इतकं दुखत होतं की उभं राहून पॅडल मारत होतो. पण धाप? नाही. छाती ठीक, पाय ठीक. आजीच्या दारात सायकल लावली तेव्हा अकरा वाजले होते. आजी म्हणाली, "अरे, फोन केला असता तर मामाला पाठवलं असतं ना गाडी घेऊन!" तिला वाटलं माझे पैसे संपलेत.

दुपारी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. संध्याकाळी त्रिविक्रमाच्या देवळात गेलो. शेंदुर्णीला खान्देशचं प्रतिपंढरपूर म्हणतात, आणि कार्तिकात इथे मोठा रथ निघतो. तिथून बंद स्टेशनकडे एक चक्कर मारली. रुळांमध्ये गवत आणि बाभळीची रोपं. गाडी थांबून दोन वर्षंही झाली नव्हती.

दुसरा दिवस शेंदुर्णी ते पहूर ते जामनेर. पहूरला वाघूर नदी लागते. ही नदी अजिंठ्याच्या लेण्यांसमोरच्या त्या घोड्याच्या नालेसारख्या दरीतून येते. पीजेच्या काळात पहूर हे अजिंठ्याला जायचं जवळचं स्टेशन होतं. ज्यांच्याकडे तिसरा दिवस आहे त्यांनी पहूरहून फर्दापूरकडे वळायला हरकत नाही, अंतर वीस किलोमीटरच्या आत आहे आणि लेणी घाटाच्या पायथ्याशी असल्यामुळे घाट चढावा लागत नाही. फक्त दोन गोष्टी: तो जळगाव-संभाजीनगर महामार्ग आहे, वाहनं जोरात असतात. आणि सोमवारी लेणी बंद असतात.

भागदऱ्याला थांबलो, पाणी प्यायलो, आणि दुपारच्या आत जामनेर. कांग नदीचा पूल दिसला तेव्हा मी मामेभावाला म्हटलं, "झालं?" तो म्हणाला, "झालं. परत सायकलवर चलायचं का?" परत आम्ही छोटा हत्तीत सायकली टाकून आलो. त्यात लाज कसली?

दोन दिवसांत सायकलवर बसलेला वेळ पाच तासांच्या आत. ताशी सरासरी बारा. पीजे यापेक्षा फार पुढे नसायची म्हणा!

२२:३० – तुम्हाला जायचं असेल तर

पटापट सांगतो, लिहून घ्या.

वेळ: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा हा उद्योग करू नका. हिवाळ्यातही सकाळी लवकर निघून अकरापर्यंत मुक्कामाला पोचा.

सायकल: महागडी नको. गिअरची साधी हायब्रिड पुरते. टायर ३५ मिलिमीटर किंवा जाड. अगदी बारीक टायरची रेसिंग सायकल खड्ड्यांत आणि काट्यांत त्रास देते.

सीटची उंची: नव्वद टक्के लोक इथेच चुकतात. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल अगदी खाली न्या. गुडघा सरळ व्हायला हवा. सीट बुटकी असेल तर गुडघे दुखतात आणि आपण म्हणतो सायकल आपल्याला सोसत नाही.

गिअर: हलका ठेवा. पाय भरभर फिरू द्या, जोर लावू नका.

बूड: पहिल्या दिवशी दुखणारच. गादी शिवलेली सायकलची चड्डी मिळते, ती घ्या. ती घालून चहाच्या टपरीवर जाताना लाज वाटते, म्हणून वरून ढगळ पँट.

सामान: दोन ट्यूब, टायर काढायचे प्लास्टिकचे लिव्हर, छोटा पंप, दोन लिटर पाणी, ओआरएसची दोन पाकिटं. मागे लुकलुकणारा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. डिसेंबरात कापूस भरलेल्या गाड्या असतात, दोन्ही बाजूंनी फुगलेल्या, त्यांना मागचं काही दिसत नाही. त्यांना खाली उतरून जाऊ द्या.

आणि तब्येतीची तक्रार असेल, छातीत दुखत असेल, साखरेची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

धुळ्याच्या मंडळींचे मेसेज येतील म्हणून आधीच सांगतो. तुमची धुळे-चाळीसगाव लाइनही साधारण ५६ किलोमीटरचीच, १९०० साली सुरू झालेली. बोरविहीर, शिरूड, राजमाने, जामदा अशी स्टेशनं. पण ती चालू लाइन आहे, गाड्या धावतात, त्यामुळे रुळांजवळ अजिबात जायचं नाही. तुम्हाला वेगळी सोय आहे: पहिल्या रविवारी एक-दोन स्टेशनांपुरतंच जा, महामार्ग टाळून गावातल्या रस्त्याने. परत गाडीने यायचं असेल तर सायकल नेता येईल का आणि लगेजची पावती कशी करायची, ते निघण्याआधी स्टेशनवर विचारून घ्या.

२६:१५ – मग पीजेचा रेल-ट्रेल करायचा का?

हा भाग तयार करतोय म्हटल्यावर मित्राने विचारलं, "मग पीजेवर न्यूझीलंडसारखा ट्रेल केला तर? पर्यटन वाढेल, कॅफे येतील." दोन वर्षांपूर्वी मीही हो म्हणालो असतो.

आज माझं उत्तर नाही असं आहे. न्यूझीलंडच्या त्या पट्ट्यात गाडीत बसायला माणसं उरली नव्हती. आपल्या पट्ट्यात माणसं आहेत, गाडी नाही. ते बैलगाडीवाले बाबा, पाचोऱ्याला कॉलेजला जाणाऱ्या पोरी, भाजी घेऊन जाणाऱ्या बाया. मी वर्षातून दोन दिवस सायकल चालवणार, त्यांना रोज जायचंय. तिथे आधी रेल्वे हवी.

पण अमेरिकेच्या कायद्यातली एक कल्पना मला आपल्यासाठी फार कामाची वाटते. १९८३ पासून तिथे अशी सोय आहे की लाइन बंद करायची असेल तर ती जागा तुकडे करून विकायची नाही. ती अखंड ठेवायची, तोवर लोकांना ट्रेल म्हणून वापरू द्यायची, आणि पुढे कधी रेल्वेची गरज पडली तर परत रूळ टाकायचे. जणू जागा बँकेत ठेवली. याचं महत्त्व लक्षात घ्या: सलग पट्टा एकदा तुटला, त्यावर घरं-दुकानं झाली, की परत जोडणं जवळपास अशक्य. विदर्भातली शकुंतला रेल्वे आठवा, तीही नॅरोगेज, तीही बंद आहे. अशा लाइन नुसत्या गवतात पडून राहण्यापेक्षा लोकांच्या वापरात राहिल्या तर निदान त्यांची जागा तरी शाबूत राहील.

आणि पीजेवरही थोडी जागा उरू शकते. नॅरोगेजला तीव्र वळणं चालतात, ब्रॉडगेजला वळण मोठं लागतं. त्यामुळे नवी लाइन टाकताना काही जुनी वळणं बाजूला पडणं शक्य आहे. काही जुनी स्टेशनं, काही मोऱ्या. असे तुकडे उरलेच तर त्यांची दोन-चार किलोमीटरची वाट करा. संध्याकाळी गावातली आजी चालायला जाईल, पोरगी न घाबरता सायकल शिकेल. पंचवीस-तीस वर्षांनी कोणी विचारलं, पीजे म्हणजे काय, तर दाखवायला काहीतरी असेल. ही मागणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर आत्ता करण्यासारखी आहे. काम पूर्ण झाल्यावर कोणी ऐकत नाही.

२९:४० – शेवटी माझा रिपोर्ट

बरेच जण विचारतील म्हणून सांगतो. त्या सहलीनंतर मी मोठं काही ठरवलं नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण तास सायकल, सपाट रस्त्याने, पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढ्याच वेगाने. चार महिन्यांनी परत तपासलं तर ५.६. याचं श्रेय सायकलचं की रात्रीच्या शेवभाजीवर आईने आणलेल्या बंदीचं, ते मला वेगळं काढता येत नाही. डॉक्टर म्हणाले, दोन्ही चालू ठेवा.

मला व्यायाम अजूनही आवडत नाही, मंडळी. पण रविवारी सकाळी पुढच्या गावापर्यंत जाऊन चहा पिऊन यायला मात्र आवडतं.

आता तुमचं काम. तुमच्या घरात पीजेने प्रवास केलेलं कोणीतरी असेल. आई, काका, आजोबा. त्यांची एक आठवण मोबाइलवर रेकॉर्ड करा, दोन मिनिटांची, आणि पाठवा. पुढच्या एखाद्या भागात लावू. बोरं तोडून मागच्या डब्यात चढणारे "मी स्वतः" वाले पण चालतील.

चला, भेटू पुढच्या भागात. सायकलच्या टायरमध्ये काटा राहिलाय का, तेवढं बघून घ्या.